एक्स-रेच्या चिठ्ठीवरची खोटी ओळ

मागच्या वर्षी माझी बायको ओसरीवर बसता बसता आपटली. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड तडकलं. म्हातारपणी हाड ठिसूळ झालेलं, तेवढ्यानंही तडकतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी पडद्यावर बघत दोन सुया आत घातल्या आणि फटीत सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी ती काठी धरून चालली. मुलांनी पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच ताटलीत ठेवला.

नामांतराच्या चळवळीच्या वर्षांत मी परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. सोनपेठकडची एक म्हातारी मजूर बाई मुलाच्या खांद्यावर भार टाकून आली. दगडाची पाटी घेऊन घसरली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन फोटो लिहिले होते, एक समोरून आणि एक कुशीवरून. मी आडनाव वाचलं आणि हात आखडला.

माझी एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती. बौद्ध वस्तीतला पेशंट असला की मी त्याला हात लावायचो नाही, कसं वळायचं ते दारातून सांगायचो आणि नातेवाइकांनी त्याला वळवायचं. त्या दिवशी मुलगा औषधाच्या रांगेत होता. त्याला हाक मारायचंही मी मनावर घेतलं नाही. गावोगाव तेव्हा धुसफुस होती, आणि माझ्या डोक्यातही तीच होती.

"साहेब, लय दुखायलंय. तुमी जरा हात द्या, मी वळते," ती म्हणाली.

मी हात दिला नाही. टेबलाची कड धरून ती एकटीच वळायला गेली आणि अर्ध्यात अडकली. समोरून एकच फोटो काढून मी चिठ्ठीवर लिहिलं, बाई सहकार्य करत नाही. डॉक्टरांनी ती ओळ वाचली, फोटो उजेडाकडे धरला आणि मुलाला सांगितलं, काही झालेलं नाही, नाटक आहे.

काही महिन्यांनी तो मुलगा मला एसटी स्टँडवर भेटला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"कागदावर तसं लिवलं होतं, म्हणून आमीबी मायला ढोंगी म्हणलो. पुन्हा कामावर लावली. चार दिवसांत खाटेला खिळली, ती उठलीच न्हाई."

आता बायकोचे डॉक्टर मला समजावतात की ही चीर साध्या फोटोत बहुधा दिसत नाही, आणि सिमेंट तर तेव्हा नव्हतंच. माझे जुने सोबतीही तेच म्हणतात. ऐकून संताप येतो. सिमेंट नव्हतं, पण खाट होती ना? पडून राहिली असती तर हाड कदाचित आपसूक सांधलं असतं. निदान पोटच्या पोरानं तिला खोटारडी म्हटलं नसतं. ती खाट माझ्या ओळीनं काढून घेतली, एक्स-रेच्या मशिनीनं नाही.

बायकोचा फोटो काढणाऱ्यानं तिच्या पाठीखाली हात घातला, "आजी, माझ्या मानेला धरा," म्हणाला आणि अलगद वळवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. ते त्याचं कामच होतं, आणि माझंही तेच होतं.

ती चिठ्ठी आता कुठं सापडायची नाही, म्हणून इथं दुरुस्त करतो. बाई सहकार्य करत होती. मी करत नव्हतो.