बॅरोनेटची पदवी आणि आमचं पान

जूनच्या सुट्टीत सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन वंशावळी पसरल्या होत्या. एक माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने एका इंग्रज घराण्याच्या बॅरोनेट या पदवीचा इतिहास घेतला होता. ही पदवी मिळालेला माणूस नावाआधी 'सर' लावतो आणि त्याच्यामागे ती थोरल्या मुलाकडे जाते. दुसरी वंशावळ आमची. पुण्यातला माझा चुलतभाऊ आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढत होता. परदेशातल्या शाखांची माहिती तपासायचं काम माझ्याकडे होतं. एकशे बारा माणसं. एकही तारीख मी दाखला बघितल्याशिवाय लिहिली नव्हती.

मुलीचा तक्ताही मीच तपासत होतो. आठ बॅरोनेट. सातव्यापाशी ती अडली.

"बाबा, ह्याला मुलगा होता. मग कझिनला का दिली?"

"नीट वाच. मुलगा दत्तक होता. दत्तकाला ती पदवी मिळत नाही, रक्ताचाच लागतो."

"सो मीन, लाह!" ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "त्याने बिचाऱ्याने काय केलं?"

"आपल्याकडे तसं नाही," मी ऐटीत म्हणालो. "आपल्याकडे दत्तक म्हणजे पूर्ण घरचा. राजांच्या गाद्यासुद्धा दत्तकांनी चालवल्यात."

तिलाही आम्ही दत्तक घेतलं आहे, दहा महिन्यांची असताना. तिला ते पहिल्यापासून माहीत आहे. ती हसली. "मग आपलं दाखव."

आमच्या पानाचं प्रूफ आदल्या दिवशीच आलं होतं. तिला मराठी सावकाश वाचता येतं. ओळींवरून बोट फिरवत ती आमच्या घरापर्यंत आली. माझं नाव, तिच्या आईचं, मग तिचं, आणि पुढे कंसात 'दत्तक'.

"असं सगळ्यांना विचारतात?"

फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. चुलतभावानेही विचारलं नव्हतं. माहिती पूर्ण असावी म्हणून मीच लिहिलं होतं. तिला तसं सांगितलं.

"आईला माहितीये?"

"नाही."

तिने प्रूफ सरळ करून ठेवलं, लॅपटॉप उचलला आणि खोलीत गेली. मी उभ्या उभ्याच पुण्याला फोन लावला.

"अरे, तूच तर लिहून पाठवलंस!" चुलतभाऊ वैतागला. "मला वाटलं, तुला हवंय. उद्या पानं प्रेसला जातायत. काढू की ठेवू, एक काय ते सांग."

"काढ."

"आणि म्हणे आमचा तपासनीस!"

तिच्या दाराशी जाऊन मी सांगितलं, शब्द काढायला सांगितलाय. तिने मान वर केली नाही.

"का? खरं आहे ना ते? आधी तू एकट्याने लिहिलंस, आता एकट्याने काढलंस. मला विचारायचं तरी."

मी विचारलं, "मग काय लिहू?"

"माहीत नाही. विचार करू दे. दार लाव."

मी दार लावलं आणि चुलतभावाला पुन्हा फोन केला. बाकीची पानं जाऊ देत, आमचं थांबव, म्हणालो. किती दिवस, असं त्याने विचारलं. आकडा सांगता येणार नाही, मी म्हणालो.