नऊ वार समुद्र

उज्जैनला समुद्र होता आणि तो मी स्वतः पाहिला आहे. आमच्या मुलींच्या शाळेच्या मागच्या अंगणात, कडुनिंब आणि पाण्याची टाकी यांच्या मधे तो पसरलेला असे. लांबी नऊ वार. चारच्या घंटेनंतर त्याची घडी होऊन तो कपाटात जाई.

हा समुद्र मयेकरबाईंचा. त्या शाळेत हस्तकला शिकवत आणि मी भूगोल. भरती-ओहोटी मी दरवर्षी फळ्यावर आणत होते, पण समुद्र पाहिलेला नव्हता. बाई मला नावानं हाक मारत नसत. "काय भूगोलबाई, आज कुठला खंड?" असं व्हरांड्यातूनच विचारत.

त्यांचं माहेर कोकणात, कातळावरच्या एका गावात. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी त्या उज्जैनला आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. "आमच्याकडे वाळूबिळू काही नाही हो," त्या सांगत. "समुद्र येतो तो सरळ खडकावर कपाळ आपटतो. दिवसरात्र. पाहुणे विचारतात, झोप कशी येते? अहो, इथे आल्यावर मला सहा महिने झोप नव्हती. एवढी शांतता!"

बाटिक मात्र त्या इथेच शिकल्या, भैरवगढच्या छपाईवाल्यांकडे. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं त्यांचा पहिला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हटलं, "बहनजी, इत्ता खाली कपड़ा कोई छोड़े है क्या?" बाई म्हणाल्या, "चाचा, वहाँ पानी है." चाचा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, म्हणे.

बाटिकमध्ये काम उलटं चालतं. जे पांढरं राहायला हवं त्यावर आधी वितळलेलं मेण लावायचं, मग कापड रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग शिरत नाही. म्हणून बाईंच्या वर्गात सगळ्यात आधी लाटांचा फेस तयार होई आणि पाणी नंतर येई. "पहले बचाओ, फिर डुबाओ," त्या मुलींना सांगत. त्यांचं हिंदी तीस वर्षांत फारसं सुधारलं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांना खेदही नव्हता. दुपारी त्या वर्गात गरम मेणाचा वास भरलेला असे, पंखा हळूहळू फिरत असे, आणि बाई अर्धवट डोळे मिटून बोलत. भरती येताना आधी वास कसा बदलतो, खडकांच्या फटींतून पाणी परतताना कसं कुजबुजतं, वगैरे. मुली ब्रश हातात धरून ऐकत राहत. एकदा मी खडूचा डबा मागायला गेले आणि दाराशीच उभी राहिले. माझ्या नववीच्या वर्गाचा तास त्या दिवशी मॉनिटरनं घेतला.

मग देशात संगणक आले. आमच्या शाळेत ते यायचे होते आणि त्यांना खोली हवी होती. पक्कं दार आणि धड वीज असलेली खोली एकच, हस्तकलेची. वर्ग बंद होणार हे जवळजवळ ठरलंच. त्या वर्गात चौदा मुली होत्या. पैकी निम्म्या मुलींना घरच्यांनी "काही हातकाम तरी शिकते आहे" एवढ्याचसाठी शाळेत ठेवलं होतं. मुख्याध्यापिकांनी वाट काढली: वरच्या कार्यालयातले एक मोठे साहेब जानेवारीत येणार आहेत, त्यांना काहीतरी भव्य दाखवा, खूश झाले तर दुसरी खोली मंजूर करतील.

बाईंनी सहा वार कापड आणलं. साहेबांचा दौरा मार्चवर गेला, तेव्हा आणखी तीन वार आणून जोडलं. "भव्य म्हणालात ना," त्या म्हणाल्या. दौरा एप्रिलवर गेला तेव्हा मुख्याध्यापिकांनी कापडाच्या दुकानाकडे जाणारा रस्ताच बंद करावा असं मी सुचवलं.

पण खडक राहिले होते. खडकांसाठी मेण लावलेलं कापड थंड पाण्यात चुरगाळावं लागतं. मेणाला तडे जातात, तड्यांत काळा रंग शिरतो आणि दगड दिसू लागतो. एप्रिलच्या उज्जैनमध्ये मेण तडकत नाही, चक्क लोळतं. शेवटी देवास गेटहून हातगाडीवर बर्फाच्या लाद्या आल्या, गोणपाटात गुंडाळून. त्या भर दुपारी अंगणातल्या हौदावर पांढरं धुकं उभं राहिलं. चौदा मुली कोपरापर्यंत हात घालून उभ्या, आणि एकीचीही हिंमत होईना. चार महिन्यांचं काम चुरगाळायचं!

"मैडम, बिगड़ गया तो?" नानाखेड्याहून येणाऱ्या रेखानं विचारलं.

"मोड गो बाय! खडक क्या इस्त्री करके आता है?"

रेखानं डोळे मिटून पिळा दिला. करकर आवाज झाला. मग सगळ्याजणी तुटून पडल्या, ओरडत, हसत, एकमेकींवर गार पाणी उडवत. संध्याकाळी उकळत्या पाण्यातून मेण निघालं आणि कडुनिंबाखाली काळा कातळ वर आला. वारा नव्हता. तरी कापड हलल्यासारखं वाटत होतं.

साहेब आले ते दोन तास उशिरा. पंख्यामुळे समई पाचव्या काडीला लागली. स्वागतगीताची तिन्ही कडवी त्यांनी उभ्यानं सोसली. मग ते कापडासमोर गेले, चष्मा काढला, हात जोडले.

"अहाहा! साक्षात क्षिप्रा मैया! बाढ़ का क्या रूप उतारा है! ऐसी कला के लिए तो जगह निकालनी ही पड़ेगी."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उजळला. बाईंनी एकदा मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिलं.

"नदी नहीं है साहब," त्या म्हणाल्या. "समुद्र है. हमारे घर के पीछे का."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "अच्छा," ते म्हणाले. "पर उज्जैन में समुद्र का क्या काम?" आणि ते चहाकडे वळले.

वर्ग बंद झाला. "एक 'हाँ' कहने में क्या जाता था आपका?" मुख्याध्यापिका रडकुंडीला येऊन म्हणाल्या. मीही बाईंना तेच विचारलं, मराठीत. मी असते तर हो म्हटलं असतं. भूगोलात नद्यांनी याहून मोठ्या उड्या मारल्या आहेत.

"पोरी उभ्या होत्या हो मागे," बाई म्हणाल्या. "चार महिने त्यांना घोकवलं, पलीकडचा काठ शोधू नका, तो नसतोच. आता त्यांच्यादेखत काठ कुठून आणू?"

निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं त्यांनी माधव नगरातल्या घराच्या गच्चीवर वर्ग चालवला. चौदापैकी पाच मुली येत. रेखा त्यांत नव्हती. जूनमध्ये तिचं लग्न झालं. एकदा रंग ढवळता ढवळता बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "पिळा चांगला द्यायची."

निवृत्त झाल्यावर त्या माहेरी गेल्या आणि भावाच्या पडवीत त्यांनी पुन्हा मेण तापवायला घेतलं. त्यांची पत्रं येत. दमट हवेत कापड तीन तीन दिवस वाळत नाही, मीठ रंगात उतरतं, पण कोळ्यांच्या नऊ मुली येतात. एका पत्रात लिहिलं होतं: "यांना समुद्र काढायला सांगितला तर म्हणतात, बाई, तो रोजच असतो, दुसरं काहीतरी द्या."

पाच वर्षं तो वर्ग चालला. बाई गेल्याचं त्यांच्या भावानं कार्डावर कळवलं. पाठोपाठ एक पार्सल आलं. कोळ्यांच्या मुलींचं वर्गातलं शेवटचं काम, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं. मी दार लावून घेतलं, जमिनीवर चादर अंथरली आणि दोन्ही हातांनी ते उलगडलं.

टेबलक्लॉथ होता. त्यावर बदकं होती.