आप्पासाहेबांची लाल गाडी आणि आटपाडीची हरणाबाई

कोरेगावात एके काळी कुजबुज होती, की घेवड्याचे अडते आप्पासाहेब यांनी आपली लाल विलायती गाडी आटपाडीच्या हरणाबाईला देऊन टाकली. का दिली, हे कुणी सांगत नसे. सांगणारा नुसता डावा डोळा बारीक करी आणि पानाला चुना लावायला घेई. खोटं कशाला बोलू, तो डोळा मीही पुष्कळदा बारीक केला आहे.

पण ही हकिकत आप्पासाहेबांची नव्हे, त्यांच्या बायकोची. येसूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या येसूवैनी. बाई ठेंगणी, हसरी आणि जिभेची तिखट. घेवडा निवडायला बसल्या की नजर समोरच्या बाईच्या तोंडाकडे आणि बोटं सुपात. किडका दाणा त्यांच्या बोटांनाच कळायचा. माणूस तेवढा लवकर कळला नाही, असं त्या स्वतःच म्हणत आणि खांबाकडे बघत. खांबाचं काय, ते सांगतो.

ती गाडी आप्पासाहेबांनी सत्तेचाळीस साली घेतली, पाचगणीचा बंगला विकून विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून. दोन माणसांची, वर टप नाही आणि पुढं हे एवढं लांब नाक. आप्पासाहेब सांगत, आपण एका हातानं चालवतो. दुसरा हात मिशीला. त्रेपन्न साली ते मटकीच्या खरेदीला म्हणून आटपाडीला गेले आणि तिसऱ्या दिवशी एस.टी.नं परत आले. धोतर धुळीनं माखलेलं, मान खाली.

"गाडी कुठाय?" वैनींनी विचारलं.

"दिली."

"कुणाला?"

"आटपाडीच्या हरणाबाईला."

एवढं बोलून गृहस्थ न्हाणीत शिरला. पुढं अवाक्षर नाही. त्या दिवसापासून वैनी नवऱ्याशी थेट बोलायच्या बंद झाल्या. सोप्यात एक सागवानी खांब होता, त्याच्याशी बोलत. "खांबा, ताट वाढलंय म्हणावं." आप्पासाहेबही खांबालाच सांगत, "आमटीत मीठ कमी पडलंय म्हणावं." अशी अकरा वर्षं गेली. दोन लेकींची लग्नं त्या खांबाच्या मध्यस्थीनं ठरली आणि चांगली झाली. घरात भांडण नव्हतं, रडारड नव्हती. वैनी खात होत्या, हसत होत्या. फक्त तो एक दाणा सुपातून निघत नव्हता.

चौसष्टच्या संक्रांतीला हळदीकुंकवात शेजारच्या रंगुबाईनं भर बैठकीत विचारलं, "काय वैनी, आटपाडीच्या सवतीला वाण धाडलं का न्हाई?"

बायका खिदळल्या. वैनीही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रहिमान मिस्त्रीच्या गॅरेजात आल्या. ती लाल गाडी कोरेगावात असताना तिची सगळी दुरुस्ती रहिमानच्याच हातून व्हायची. मी तिथंच एका टायरवर बसून फुकटचं वर्तमानपत्र वाचत होतो.

"भावजी, मला गाडी बघायची हाय," वैनी रहिमानला म्हणाल्या. "ती कुणाच्या दारात हाय, ते ह्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मला मरण न्हाई."

"आवं, मग आटपाडीला जाऊ. हरणाबाईचं घर विचारू."

"मी माझ्या तोंडानं सवतीचं घर विचारत फिरू व्हय?"

रहिमाननं फडक्याला हात पुसले. जरा विचार केला. "मग खंडेनवमीपतोर थांबा. त्या दिवशी कुणी यंत्र झाकून ठेवत न्हाई. विहिरीवरचं इंजिन असू दे, न्हाईतर शिलाईचं मशीन. सगळं धुऊन, हळदकुंकू लावून दारात येतं. आपण नुसतं गावातनं जीप फिरवायची. कुणाला काय विचारायचं न्हाई."

संक्रांतीपासून खंडेनवमीपर्यंत नऊ महिने. वैनी थांबल्या. अकरा वर्षांपुढं नऊ महिने ते काय!

खंडेनवमीला पहाटे रहिमाननं जीप काढली. वैनी ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, नथ घालून पुढं बसल्या. सवतीसमोर जायचं तर काही कमी पडायला नको. मी मागं बसलो. असल्या ठिकाणी मला कुणी बोलवावं लागत नाही. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत दुपारी आटपाडी गाठली. दारोदारी झेंडू. नांगर, कोयते, सायकली, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू. दोन तास फिरलो, तरी लाल काही दिसेना. वैनींची नथ घामानं घसरायला लागली.

गावाबाहेर धनगरवाडा लागला, तसा रहिमाननं एकदम ब्रेक दाबला. "वैनी! नाक बघा, नाक!"

बाभळीखाली ती उभी होती. चाकं नाहीत, दगडांवर टेकवलेली. रंग उडालेला, पण नाक तेच. इंजिन काढून विहिरीवर बसवलेलं आणि बसायच्या जागी कोवळी कोकरं. नाकावर झेंडूची माळ, पुढं फोडलेला नारळ. शेजारी एक म्हातारी कोकरांना पाला चारत होती. तोंडात एक दात, सत्तरी कधीच उलटलेली.

वैनी तरातरा पुढं झाल्या. "हरणाबाई कुठं हाय?"

"मीच की," म्हातारी म्हणाली. "तू कोण गं बया?"

"कोरेगावची. आप्पासाहेबांची."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्यांना नीट न्याहाळलं. "म्हंजी त्या आंधळ्याची बायकू व्हय तू? बिराप्पा, घोंगडं आण रं, पावनी आली!"

तिचा लेक घोंगडं घेऊन धावत आला. वैनी मटकन बसल्या. "आंधळा?"

"मग काय! एवढा कळप रस्त्यात, पांढराधोट, आन त्येला दिसंना. माझी मेंढरं चिरडली, आन रडाय त्योच लागला. म्या म्हनलं, गप रं बाबा, पैकं दे सवडीनं. तर म्हनला, म्हातारे, ही अवदसाच घे, परत माझ्या हातात नगं. आन निघाला की चालत!"

वैनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते खरे, पण ते हसण्यानं. मग म्हातारीही हसायला लागली आणि तिचा तो एक दात मला आजही दिसतो. आम्ही तिथं बाजरीची भाकरी, दही आणि ठेचा खाल्ला. रहिमाननं विहिरीवरचं इंजिन चालू करून ऐकलं आणि म्हणाला, "आवाज अजून तसाच हाय."

परत आलो ते दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी. वैनींनी ताट वाढलं आणि सोप्यात येऊन म्हणाल्या, "आवं, उठा, जेवून घ्या."

आप्पासाहेबांनी आधी खांबाकडे बघितलं, मग मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"आटपाडीला जाऊन आले," वैनी म्हणाल्या. "हरणाबाईनं विचारलंय, त्यो आंधळा बरा हाय न्हवं?"

आप्पासाहेबांचा चेहरा असा झाला, की मी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लागलो.

"येसू," ते हळूच म्हणाले, "गावात सांगू नगंस. बाईपायी गाडी घालवली म्हणतात, ते म्हणू देत. मेंढरापायी म्हणले, तर बाजारात तोंड दाखवता यायचं न्हाई."

"बरं," वैनी म्हणाल्या आणि ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली.

आम्ही तिघांनी शब्द पाळला. आप्पासाहेब पुढं बारा वर्षं मिशीला पीळ देत बाजारात फिरले. आता ते नाहीत, वैनी नाहीत आणि रहिमानही नाही. म्हणून सांगतो.

आप्पासाहेबांना गाडी धड चालवता येत नव्हती. आटपाडीजवळच्या वळणावर त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला. हरणाबाईची अकरा मेंढरं मेली. त्यांच्या बदल्यात त्यांनी तिला गाडी दिली.