तार नाही, पुस्तक

तारीख १० डिसेंबर १९७१. रक्कम बारा रुपये. हजर होतो मी, माझी बायको आणि खाकी कोटातला एक माणूस.

लढाई सुरू होती, मुलगा सीमेवर होता आणि पंधरा दिवस त्याचे पत्र नव्हते. आमच्या सक्करदऱ्याच्या घरासमोर तारवाल्यासारखा खाकी कोट दिसला तशी बायकोने माझी बाही घट्ट पकडली. तो फाटकाबाहेरच थांबला, दोन्ही हातांनी एक जाड पुस्तक डोक्यावर धरले आणि ओरडला, "तार नाही बाई, पुस्तक आहे!"

तो मुलाच्याच रेजिमेंटचा निवृत्त हवालदार होता. रेजिमेंटमधल्या शौर्यपदक मिळालेल्या जवानांचे ते पुस्तक तो घरोघर विकायचा.

"एका घरी सरळ फाटक उघडलं, त माय जागीच पडली," तो म्हणाला. "तवापासून पयले पुस्तक दाखवतो."

मी कारकुनी सवयीने नावे मोजली. एकेचाळीस भरली, त्यांतल्या सव्वीस नावांपुढे ‘मरणोत्तर’ होते. आकडा मी बोललो नाही, पण बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"भाऊ, यातले वापस किती आले?" तिने त्यालाच विचारले.

त्याने पाने उलटून एका फोटोवर बोट ठेवले. फोटो त्याचाच होता. "मी आलो ना, बाई."

"मले हे आता घरात नको," बायको म्हणाली. " पोरगा आला का आणा. पैसे तोच देईन."

मे महिन्यात हवालदार पुस्तक घेऊन आला. बारा रुपये मुलानेच मोजून त्याला दिले. मोजायला वेळ लागला, कारण आता मुलाला डावा हात तेवढा उरला होता.