तळं उतरलं त्या रविवारी

लाकूड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवून कॉफी ओतत होते. आवाज फार मोठा नव्हता. पण त्यामागोमाग पाण्याची जी घरघर सुरू झाली ती ऐकून मी कप तिथेच ठेवला आणि बंधाऱ्याकडे पळाले.

मी हायड्रॉलिक इंजिनिअर आहे. म्हणजे पाणी कुठून, किती आणि किती जोराने वाहील याची गणितं मांडणारी. नागपूरला शिकले, लग्नानंतर नॉर्थ कॅरोलायनात आले आणि मॉरिसव्हिलच्या एका कन्सल्टिंग कंपनीत नोकरीला लागले. तोवर मी बंधारे बांधायचीच डिझाइन्स केली होती. २००५ साली पहिल्यांदा बंधारा काढायचं काम माझ्याकडे आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बांधलेलं कशाला पाडता? पाणी नको झालंय का त्यांना?"

गाव लहान होतं. एक मेन स्ट्रीट, दोन चर्च आणि नदीकाठी एक बंद पडलेली सूतगिरणी. गिरणीची चाकं फिरवायला कधीकाळी नदीवर दगडी बंधारा घातला होता. गिरणी गेली, बंधारा राहिला. त्याच्यामागे तळं साचलं होतं. उन्हाळ्यात त्यावर हिरवा तवंग यायचा, वास सुटायचा, आणि भिंतीचे दगड एकेक करून निसटत होते. लिंडा नावाच्या निवृत्त लायब्ररियन बाईंनी गावातले काही लोक जमवले होते. दर महिन्याला ही मंडळी नदीत उतरून टायर, मोडके फ्रिज, सोफे बाहेर काढायची. मग त्यांच्या लक्षात आलं की कचरा काढून नदी वाहती होत नाही. तिला अडवणारी भिंतच काढायला हवी. त्यांनी टाउन काउन्सिलच्या मागे लागून ते मंजूर करून घेतलं.

अर्धं गाव त्यांच्या विरोधात होतं. त्यांचा पुढारी अर्ल. सत्तरी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा. त्याचं घर तळ्याच्या काठावर होतं. पब्लिक हिअरिंगला, म्हणजे गावाच्या जाहीर सुनावणीला, तो उठला आणि मला म्हणाला, "मॅम, नकाशे छान आहेत. पण माझ्या पोर्चमधून मला काय दिसेल ते सांगा."

मी म्हटलं, "पहिलं वर्ष चिखल दिसेल. पुढे गवत येईल, झाडं येतील. नदी दिसेल. तळं दिसणार नाही."

"खरं बोललात, थँक यू," असं म्हणून तो बसला आणि त्याने विरोधात मत नोंदवलं.

आता त्या रविवारचं सांगते. बंधारा फोडायच्या आधी तळं हळूहळू उतरवतात. बंधाऱ्याच्या तळाशी एक जुनं लाकडी गेट होतं. ते थोडंसं उचलून रोज वीतभर पाणी कमी करायचं असं ठरलं होतं. एवढ्या सावकाशीचं कारण होतं शिंपले. समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले. ते चिखलात अर्धे रुतून बसतात आणि दिवसभर पाणी गाळतात. नदीचं पाणी फुकटात स्वच्छ ठेवणारी ती यंत्रणाच आहे म्हणा. त्यांना चालता येतं, पण कसं, तर एक मांसल पाय बाहेर काढून इंचाइंचाने. पाणी हळू उतरलं तर त्याच्यामागून सरकतात. भराभर उतरलं तर उघड्यावर पडतात आणि मरतात. त्यांना मरू द्यायचं नाही, ही स्टेटने, म्हणजे राज्य सरकारने, दिलेल्या परमिटची अट होती. कॅरन नावाची बायॉलॉजिस्ट आणि तिची चारदोन माणसं काठाकाठाने फिरून मागे राहिलेले शिंपले गोळा करणार होती.

आणि गेट मोडलं. तळाशी मोठं भगदाड पडलं होतं आणि तळं त्यातून निसटत होतं.

आधी खाली नदीकाठी कोणाला धोका नाही ना हे पाहायचं असतं. माझ्या गणितात ही शक्यता धरलेली होती. पात्र तेवढं पाणी पेलणार होतं. तरी फायर डिपार्टमेंटला फोन करून खालच्या बाजूला कोणाला पाण्यात उतरू देऊ नका, असं कळवलं. मग माझ्या बॉसला, डेव्हला, फोन केला.

"गेट गेलं," मी म्हटलं.

"खाली कोण आहे?"

"कोणी नाही. पात्र पेलेल. कळवलंय सगळ्यांना."

"मग भोक बुजवा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे ना साइटवर?"

"आहे. पण मी कोणालाही पाण्यात उतरवणार नाही. वरून शांत दिसतं, खाली गेटपाशी ओढ आहे. माणूस गेला तर परत येणार नाही."

"बरोबर आहे तुझं. नको उतरवूस. पण मांजी, शिंपले मेले तर स्टेट काम थांबवेल. कदाचित कायमचं."

माझं नाव मंजिरी. ऑफिसात मांजी. "माहीत आहे," मी म्हटलं.

एक्स्कव्हेटर, म्हणजे आपल्याकडचा पोकलेन, साइटवर होता. त्याच्या ऑपरेटरने काठावरूनच मोठमोठे दगड भगदाडापुढे टाकले. पाण्याचा जोर कमी झाला, थांबला मात्र नाही. तोवर कॅरन आली. तिने तळ्याकडे पाहिलं. पाणी मागे हटलं होतं तिथे काळा चकचकीत चिखल पसरला होता, आणि त्या चिखलावर रेघा उमटत होत्या. कोणी काडीने ओढाव्यात तशा वेड्यावाकड्या रेघा. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक शिंपला. सगळे पाण्याच्या दिशेने निघाले होते. पाणी त्यांच्यापेक्षा वेगाने जात होतं.

"संध्याकाळनंतर फ्रॉस्ट आहे, चिखल गोठेल," कॅरन म्हणाली. "उघड्यावर राहिलेला एकही सकाळ पाहणार नाही. आणि आम्ही सहा जण आहोत."

मी लिंडाला फोन लावला. बंद. मग लक्षात आलं, रविवार आहे, ती चर्चमध्ये असणार.

गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या बुटांनी मी चर्चमध्ये शिरले. प्रवचन चालू होतं. मागच्या भिंतीला टेकून लिंडा कुठे दिसते का बघत होते. पास्टर बोलायचे थांबले. "मॅम, काही मदत हवी आहे का?" सगळ्या माना वळल्या. त्यातल्या निम्म्या लोकांनी हिअरिंगमध्ये माझ्याविरुद्ध भाषणं केली होती. अर्ल पुढच्या बाकावर होता.

मीटिंगमध्ये बोलायची मला सवय होती, पण असं बोलायची नव्हती. मी म्हटलं, "गेट मोडलंय. तळं आमच्या हातातून सुटलंय. चिखलात शिंपले उघडे पडलेत, खूप आहेत. अंधार पडायच्या आत उचलून वरच्या नदीत नेले नाहीत तर मरतील. आम्हाला माणसं हवी आहेत."

लोक अर्लकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. मग अर्ल उठला. शांतपणे त्याने हॅट उचलली.

"बंधारा पाडू नये असं माझं मत आहे," तो म्हणाला. "आजही आहे. प्लायवूड कोणाकडे आहे? त्या चिखलात नुसतं चालता येत नाही, माणूस कमरेपर्यंत जातो."

पास्टरांनी पुस्तक मिटलं आणि ते म्हणाले, "माझ्या गराजमध्ये आहे."

त्यानंतर जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पिकअप ट्रकमागून पिकअप ट्रक काठाला येऊन लागले. प्लायवूडच्या फळ्या, जुनी दारं, गालिचे, बर्फावरून घसरायच्या स्लेड्स. लोकांनी फळ्या चिखलावर अंथरल्या, त्यावर पालथं पडून हात लांब केले आणि शिंपले वेचायला लागले. टाय लावलेले पुरुष, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका. अर्लने आपली सपाट बुडाची होडी चिखलावर ढकलत आणली आणि तिची घसरगाडी केली. शिंपले ओल्या गोणपाटात, गोणपाट होडीत, होडी दोर लावून काठाला. तिथून कूलरमध्ये, म्हणजे सहलीला नेतात तसल्या थंड पेट्यांमध्ये, भरून वरच्या वाहत्या नदीत. तिथे लिंडाचा गट थंडगार पाण्यात उभं राहून एकेक शिंपला वाळूत रोवत होता, कारण ते नुसते फेकून चालत नाहीत.

दुपारी कॅरनने मला हाक मारली. तिच्या तळव्यावर एक मोठा काळा शिंपला होता. "या रेघा बघ. झाडाच्या खोडात असतात तशा. मांजी, हा अर्लपेक्षाही मोठा आहे वयाने."

"आणि लहान कुठे आहेत?" मी विचारलं. सकाळपासून मला एकही पिल्लू दिसलं नव्हतं.

"नाहीतच. यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. यांचा जो मासा आहे तो समुद्रातून यायचा. बंधारा झाला, मासा यायचा थांबला. हे सगळे म्हातारे आहेत. वर्षानुवर्षं वाट बघत बसलेत."

मी तो शिंपला हातात घेतला. जड होता, आणि घट्ट मिटलेला. बंधारा माझ्या लेखी तोपर्यंत दगड, उंची आणि पाण्याचा दाब एवढाच होता. त्या भिंतीमागे कोणीतरी इतका काळ जिवंत राहून थांबलं असेल, हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं.

त्या दिवशी आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. श्रीकांतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "अगं, दोनशे बटाटेवडे आपल्याकडे आहेत. तू येतेयस ना?"

"नाही येत. ऐक, तू वडे घेऊन इकडे ये. इथे लोक सकाळपासून उपाशी आहेत."

"आणि मंडळ?"

"मंडळाला पिझ्झा मागवायला सांग, यार."

तो आला. एकटा नाही, मंडळातली चार कुटुंबं गाड्या भरून आली. कुलकर्णीकाकूंनी नऊवारीवरून नवऱ्याचं जॅकेट चढवलं आणि ओल्या गोणपाटांची तोंडं बांधायला बसल्या. अर्लने वडा खाल्ला, म्हणाला, "हे तिखट आहे," आणि दुसरा घेतला.

उजेड जाईपर्यंत काम चाललं. सगळे वाचले नाहीत. लांबच्या चिखलात आम्हाला पोचता आलं नाही, आणि पुढे बरेच दिवस तिथे पक्षी उतरत होते. पण बहुतेक वाचले. स्टेटचे अधिकारी येऊन पाहून गेले. त्यांनी मला गेटबद्दल कडक प्रश्न विचारले, ते विचारायलाच हवे होते. आणि काम चालू ठेवायची परवानगी दिली.

त्या हिवाळ्यात बंधारा निघाला. उन्हाळ्याआधीच चिखल हिरवा झाला. आम्ही बी टाकायच्या आतच. इतकी वर्षं पाण्याखाली दबलेलं बी आपणहून उगवून आलं. वाटलं होतं, आता यापेक्षा जास्त काही पाहायचं राहिलं नाही.

पुढच्या वसंतात अर्लचा फोन आला. "मॅम, तुम्ही येऊन बघावं."

बंधारा होता तिथे आता उथळ, खळखळता प्रवाह होता. अर्ल आणि लिंडा काठावर शेजारी शेजारी उभे होते. पाण्याकडे पाहिलं तर आधी मला वाटलं, ऊन चमकतंय. मग दिसलं की ते मासे आहेत. शॅड मासे, आपल्या हिलशाच्या कुळातले, कॅरन म्हणाली होती तेच. समुद्रातून निघून, नदीच्या उलट्या दिशेने पोहत आलेले. दगडांवरून जाताना त्यांच्या पाठी पाण्याबाहेर येत होत्या. एकामागून एक, थांबतच नव्हते. यांच्यातल्या एकानेही ही जागा पूर्वी पाहिलेली नव्हती. त्यांच्या आईबापांनीही नाही.

लिंडा रडत होती. तिने ते लपवलं नाही.

"माझे आजोबा सांगायचे," अर्ल म्हणाला. "वसंतात नदी रुपेरी व्हायची म्हणून. मला वाटायचं, थापा मारतात." मग म्हणाला, "तळ्याची आठवण येते हं मला अजून."

"येणारच," मी म्हटलं.

आणखी दोन वर्षांनी कॅरनने मला ईमेलवर एक फोटो पाठवला. तिच्या बोटावर अंगठ्याच्या नखाएवढा एक शिंपला, पारदर्शक वाटावा इतका नवा. खाली एकच शब्द लिहिला होता, 'फर्स्ट'. मी तो फोटो प्रिंट करून डेव्हच्या टेबलावर ठेवला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि मला पुढच्या बंधाऱ्याची फाइल दिली.

त्यानंतर मी असे बरेच बंधारे काढले. प्रत्येक कामात दोन गोष्टी मी नेमाने करते. जुनं लाकडी गेट मोडणारच, असं धरून प्लॅन करते. आणि काम सुरू व्हायच्या आधी गावातल्या लोकांचे फोन नंबर घेऊन ठेवते, त्यातही सगळ्यात कडाडून विरोध करणाऱ्याचा आधी. त्या जागेवर त्याच्याइतका जीव दुसऱ्या कोणाचा नसतो.