संदेश धुमकचा दबा मंत्र

संदेश धुमक मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात कारकून होता, पण ते पोटापुरतं. मनातून तो मांत्रिक. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा एक गोष्टीचा खेळ तो चार वर्षं रचत होता. राक्षस, किल्ले, जादू, सगळं त्यात. तेवढ्या काळात न्हाणीघरातला नळ गळतच राहिला, खंदकातल्या मगरींची नावं मात्र ठरली.

"त्यातल्या एखाद्या राक्षसाला तरी सांगा हो नळ बघायला," बायको रेणुका म्हणायची.

खेळातला त्याचा खरा अभिमान म्हणजे दबा मंत्र. मांत्रिकाने आज मंत्र टाकायचा, अट घालायची आणि आपल्या वाटेने जायचं. अट पुरी झाली की मंत्र आपोआप सुटतो. ऐकायला सोपं. पण कारखान्यातल्या निलेशने 'दार उघडलं की आग लागेल' अशी अट घातली आणि संदेशने ते दार वाऱ्याने उघडलं. वारा धरायचा की नाही, यावरून दोघांचा अबोला झाला. शेवटी संदेशने नियम केला: अट मोठ्याने बोलायची, बोललं नाही ते धरायचं नाही आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. देशाची घटना लिहून उठावं तसा तो त्या दिवशी उठला.

मग पुण्याच्या खेळ छापणाऱ्या एका कंपनीचे साहेब गोव्याहून परतताना रविवारी खेळ बघायला येणार, असं ठरलं. त्यांना पटलं तर खेळ छापला जाणार, नाही तर चार वर्षं मगरींसकट खंदकात. नेमका तिसरा खेळगडी तापाने पडला. त्याच्या जागी संदेशने संगमेश्वराकडच्या गावाहून आलेल्या गंगारामकाकांना बसवलं. काका गावचे मानकरी, देवळात गावाच्या वतीने देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घालायचा मान त्यांचा.

"मला काय जमतंय रं त्यातलं?"

"अट बोलायची फक्त, काका. काही सुटू देऊ नका, नाहीतर वारा घुसतो."

साहेबांना खेळ आवडू लागला होता. त्यांच्या शिपायाची सोंगटी किल्ल्याच्या दाराशी पोचली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "मस्त आहे हो! आता?"

आता काकांची पाळी. काका उभे राहिले, चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या दाराला मंत्र बांधलाय. कोन मानूस उघडील, कोन जनावर उघडील, वारा उघडील नायतर मुंगी उघडील..."

"व्हय म्हाराजा!" निलेश सवयीने ओरडला.

"कुनी कळत उघडील, कुनी नकळत उघडील, हाताने, पायाने, काठीने..."

"व्हय म्हाराजा!"

रेणुका स्वयंपाकघरातून डोक्यावर पदर घेत येऊन उभी राहिली. खेळातलं असलं तरी गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं. एकदा सुरू झालं की देवालाच ऐकवून संपायचं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "जरा थोडक्यात... मला अंधार पडायच्या आत आंबा घाट चढायचाय."

संदेशला साहेबांचा हात धरून त्यांना थांबवायचं होतं. काकांच्या पायाही पडायचं होतं. पण तोडायचं नाही हा नियम त्याचाच, आणि गाऱ्हाणं मध्येच तोडायची छाती त्याच्या बापाचीही झाली नसती. हात जोडलेलेच राहिले. तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा!"

साहेब उठले. काका आता दाराच्या बिजागऱ्यांवर आले होते.

"कळवतो हं," साहेब बूट घालता घालता म्हणाले. छापायचा खेळ असा कळवत नाहीत, हे संदेशलाही समजत होतं.

"आनि ह्यो पुन्याचा पाव्हना चाललाय, म्हाराजा! घाटात त्याची गाडी सांभाळ, त्याच्या पोराबाळांस्नी सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!" संदेशचा आवाज फाटला. साहेब उंबऱ्यात थबकले, उगीचच हात जोडले आणि गेले.

गाडीचा आवाज विरला, मग गाऱ्हाणं संपलं. काका घाम पुसत बसले. "मग? उघडलंन का दार?"

"उघडणारा गेला, काका."

"न्हाय कसा उघडत? येवडं बांधलंय."

संदेशने साहेबांचा शिपाई स्वतःच उचलला आणि दारातून आत सरकवला. मंत्र सुटला. आग, धूर, शिपाई खाक. एक शंका नाही, एक वाद नाही. चार वर्षांत पहिल्यांदा नियम लिहिल्यासारखा चालला.

"बघ!" काका म्हणाले.

रेणुकाने साहेबांचा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि मोरीत ओतला.