खाली बसणारी खुर्ची

तात्यांचं केस कापायचं दुकान लहानसं, दोन आरसे आणि एक बाकडं एवढंच. पण हात असा हलका, की गिऱ्हाईक दाढी करता करता डुलक्या काढायचं. दुकानाला जरा रुबाब यावा म्हणून त्यांनी हौसेनं वर-खाली होणारी नवी खुर्ची घेतली. काही दिवसांतच तिनं आपले गुण दाखवले. गिऱ्हाईक टेकलं, की ती हळूहळू खाली जायची आणि वस्तरा घेतलेले तात्या वाकत वाकत तिच्या मागोमाग. शेवटी आरशात नुसतं कपाळ उरायचं.

तात्यांनी कंपनीला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. पलीकडे दर वेळी नवाच आवाज, त्यामुळे पहिल्यापासून सगळं सांगायचं. आणि सांगता सांगता ते खुर्ची सोडून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागायचे. ‘बघतो’ यापलीकडे हाती काही लागेना.

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, हे कानावर गेलं. तिची सगळी नोकरी एका कारखान्यात लोकांच्या तक्रारी वाचण्यात गेली होती.

“शिव्या वाचून आम्ही हसायचो रे, आणि कागद बाजूला ठेवायचो,” ती म्हणाली. “काय घेतलंस, काय बिघडलं आणि तुला काय हवंय, एवढंच लिही.”

तात्यांनी पानभर लिहिलं. अक्कानं काट मारत ते चार ओळींवर आणलं. ‘लुटारू’ हा शब्द मात्र तात्या सोडेनात. बऱ्याच घासाघिशीनंतर तोही गेला. सोबत पावतीचा फोटो आणि बायकोनं काढलेला व्हिडिओ जोडला. त्यात शेजारचा बेकरीवाला तोंडाला फेस लावून शांतपणे बुडत होता.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा माणूस दारात हजर. तपासायला म्हणून तो खुर्चीत बसला आणि बोलता बोलता पार तळाला गेला. तात्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“काका, तुमचा व्हिडिओ साहेबांनी सगळ्या ऑफिसला दाखवला,” तो खालूनच म्हणाला. “खुर्ची बदलूनच देतो.”

नवी आली, तेव्हा तात्या आधी स्वतःच तिच्यात बसले, बायकोला पायानं दांडा दाबायला लावला आणि ऐटीत वर वर गेले.

“उतरा आता,” ती म्हणाली, “बाहेर गिऱ्हाईक थांबलंय.”